बॉनेट उघडून बसलेली माणसं

स्पोर्ट्स कारवाल्यांबद्दल आपल्या देशी मंडळींचं मत ठरलेलं असतं. एकतर पैसा जास्त झालाय, नाहीतर चाळिशी लागलीय! कुणी नवीन गाडी घेतली की आपले प्रश्नही ठरलेले. मायलेज किती? रीसेलला काय येईल? संपलं. गाडीबद्दल याहून वेगळं बोलता येतं हे ऐकायचं असेल, तर दक्षिण कॅलिफोर्नियात एखाद्या विकांताला सकाळी सातच्या सुमारास पार्किंग लॉटमध्ये जाऊन उभं राहावं.

ही पद्धत इथे चांगली रुजलेली आहे. अर्व्हाइनमध्ये माझ्दा आणि फोर्डच्या कचेऱ्यांच्या पार्किंगमध्ये २००६ पासून दर शनिवारी सकाळी 'कार्स अँड कॉफी' भरायचं. २०१४च्या अखेरीस ते बंद झालं, पण तोवर नाव आणि कल्पना दोन्ही जगभर पोचल्या होत्या. कल्पना साधीच आहे. गाडी लावायची, बॉनेट उघडायचं, कॉफी घ्यायची आणि गप्पा मारायच्या.

अशा ठिकाणी फेरारीभोवती गर्दी असतेच, पण ती फोटो काढणाऱ्यांची. गप्पा रंगतात त्या मिआटावाल्यांच्या. (माझ्याकडे १९९४ची मिआटा आहे, तेव्हा मी निःपक्षपाती नाही हे आधीच सांगून टाकतो!) माझ्दाची ही दोन सीटची, उघड्या टपाची छोटी गाडी फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली. अमेरिकेत सुरुवातीची किंमत होती १३,८०० डॉलर. म्हणजे श्रीमंतांचं खेळणं वगैरे नव्हे, नोकरदाराला परवडेल अशी. एप्रिल २०१६मध्ये दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. दोन सीटच्या स्पोर्ट्स कारमध्ये सर्वाधिक खपाचा गिनेस विक्रमही तिच्याच नावावर आहे.

आता या गप्पांमध्ये काय असतं? नमुन्यादाखल थोडं सांगतो. जुन्या मिआटाच्या कापडी टपाची मागची खिडकी प्लास्टिकची असते. टप खाली करण्याआधी तिची चेन उघडून ती सपाट पाडायची, नाहीतर घडी पडून तडा जातो. टपावरचं पाणी सीटमागच्या दोन नळ्यांतून खाली जातं. त्यात पालापाचोळा अडकला की गालिचा भिजतो आणि हळूहळू दाराखालचा पत्रा गंजतो. नळी साफ करायला कडक तार घालायची नाही, गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी घालायची. बॅटरी डिकीत असते, म्हणून वायू बाहेर नेणारी नळी असलेलीच बॅटरी घ्यायची, नाहीतर आम्लाच्या वाफेने डिकी खराब होते. गाडी थंड असताना इंजिनातून टिकटिक आवाज आला तर लगेच घाबरायचं नाही, आधी ऑइल बदलून बघायचं. धुताना बादल्या दोन, एक साबणाची आणि एक साध्या पाण्याची. आणि पुसायचं फडकं जमिनीवर पडलं की ते बाद. वाळूचा एक कण पुरतो, रंगावर गोल गोल ओरखडे उठतात.

यातलं बरंचसं गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तकात नसतं. असलं तरी पुस्तक 'का' ते सांगत नाही. आमच्या सॉफ्टवेअरमध्येही अगदी हेच. खरी माहिती डॉक्युमेंटमध्ये कमी आणि चहाच्या टेबलावर जास्त. चेतक सुरू होत नसेल तर ती आडवी कलंडवून मग किक मारायची, हे आपल्याकडे कुठल्या पुस्तकातून कोण शिकलं होतं? शेजारच्या काकांनीच सांगितलेलं असायचं ना!

तर मुद्दा असा. ही दोस्ती गाडी भारी आहे म्हणून होत नाही. गाडी बिघडते, आणि बिघडल्यावर ती आपल्याला उघडता येते, म्हणून होते. सत्तरीतला निवृत्त मेकॅनिक आणि कॉलेजातला पोरगा एरवी कशाला एकमेकांशी बोलतील? पण पोराचा क्लच दबेना झाला की आजोबा गाडीखाली वाकून बघतात आणि कुठला सिलिंडर गळतोय ते सांगतात. पुढच्या महिन्यात तोच पोरगा तिसऱ्या कुणाला तेच सांगत असतो. जी वस्तू उघडता येते तिच्याभोवती माणसं जमतात. जी सीलबंद असते तिच्यासमोर फक्त रांग लागते, सर्व्हिस सेंटरची.

आणि गाड्या सीलबंद होत चालल्यात, हीच माझी काळजी आहे. त्यातलं कुलूप आमच्याच जमातीने लिहिलेलं आहे. अमेरिकेत १९९८च्या कॉपीराइट कायद्यामुळे स्वतःच्या गाडीतल्या सॉफ्टवेअरचं कुलूप उघडणंही बेकायदा ठरू शकत होतं. दुरुस्तीसाठी सूट मिळाली ती २०१५मध्ये, आणि ती दर तीन वर्षांनी पुन्हा मागावी लागते. मॅसॅच्युसेट्समध्ये लोकांनी २०१२मध्ये दुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने मत दिलं. २०२०मध्ये गाडी बिनतारी पाठवते त्या माहितीसाठी पुन्हा मतदान झालं. सुमारे ७५ टक्के लोक 'हो' म्हणाले, आणि कार कंपन्यांची संघटना त्याच महिन्यात कोर्टात गेली.

कंपन्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही बरं का. ब्रेकच्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीही नेटवर्कवरून हात घालावा असं मलाही वाटत नाही. नव्या गाड्या जास्त सुरक्षित आहेत आणि कमी बिघडतात, हेही मान्य. पण 'रीड' आणि 'राइट' या दोन वेगळ्या परवानग्या आहेत, हे आमच्या धंद्यातल्या फ्रेशरलाही माहीत असतं. माझ्या गाडीला काय झालंय ते मला वाचू द्या, एवढ्याने कुणाची सुरक्षा धोक्यात येते?

उलट मालकांना जवळ केलं तर कंपनीचंही भलंच होतं. पहिल्या पिढीच्या मिआटासाठी जपानमध्ये रिस्टोरेशनची सोय आणि जुने सुटे भाग पुन्हा बनवण्याचा बेत माझ्दाने २०१७मध्ये जाहीर केला. कापडी टप, लाकडी स्टीअरिंग, तेव्हाच्या ढंगाचे टायरसुद्धा! पंचवीस-तीस वर्षं लोकांनी एकमेकांना सांगत त्या गाड्या जगवल्या नसत्या, तर हे भाग घेतले असते कुणी?

असो. तुमच्याकडे स्पोर्ट्स कार नसली तरी अशा ठिकाणी एकदा जाऊन या. किंमत, मायलेज काही विचारू नका. "हिचं नेहमी काय बिघडतं?" एवढंच विचारा आणि तासभर वेळ हाताशी ठेवा.