बियाण्याची परीक्षा एप्रिलमध्ये



आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झालेले. मराठीत लिहायला बसलो की ‘बीज’ लिहावे की ‘बियाणे’, इथूनच अडचण सुरू होते. पण या वेळचा विषय बियाण्याचाच आहे, तेव्हा लिहिणे भाग आहे.

आपल्या शाळेत सांवेर, देपालपूरकडून बसने येणारी मुले आहेत. त्यांतली काही घराणी होळकरशाहीपासून तिकडे शेती करीत आली आहेत. गेल्या जुलैत आठवीतल्या एका मुलाची फी राहिली. वर्गशिक्षिकेने दोनदा चिठ्ठी पाठवली, मग आम्ही वडिलांना बोलावून घेतले. ते म्हणाले, “सर, सोयाबीन उगवलंच नाही. दुबार पेरणी करावी लागली. फीचे पैसे बियाण्यात गेले.” बियाणे घरचेच होते. पेरण्याआधी उगवण तपासली होती का, हे आम्ही विचारले नाही. अशी तपासणी असते हे आम्हांलाच ठाऊक नव्हते. विज्ञानाचे पदवीधर म्हणवतो, आणि ही गत!

नंतर माहिती घेतली. सोयाबीनच्या दाण्याचे साल फार पातळ. थ्रेशर जोरात फिरला, पोती आपटली किंवा थप्पी उंच लावली की दाणा वरून चांगला दिसतो, पण आतला अंकुर दुखावलेला असतो. तपासणी मात्र अगदी सोपी. पोत्यातून न निवडता शंभर दाणे घ्यावेत, ओल्या गोणपाटावर ओळीने मांडून गुंडाळी करावी, सावलीत ठेवून ओल टिकवावी. आठवड्याने मोजावे. सत्तर किंवा अधिक चांगले उगवले तर बियाणे पेरण्याजोगे. थोडे कमी असतील तर एकरी प्रमाण वाढवावे, फारच कमी असतील तर ते मंडीत विकून दुसरे पाहावे. खर्च काहीच नाही.

खेद याचा वाटतो की सोयाबीनवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था १९८७ पासून आपल्याच शहरात, खंडवा रोडवर आहे. कृषि महाविद्यालयही इथेच. तरी तीस-चाळीस किलोमीटरवरच्या शेतकऱ्याला ही गोष्ट पेरणी फसल्यावर कळावी? ग्रामीण कृषि विस्तार अधिकाऱ्याकडे अनेक गावे असतात. त्याला दोष देऊन भागणार नाही. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा फोन फुकट आहे, पण काय विचारायचे हेच ठाऊक नसेल तर फोन लावणार कोण?

म्हणून आमचे मत असे, की हे काम शाळेने उचलावे. सुट्ट्या लागण्याआधी, एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात, मुलांनी घरचे बियाणे आणावे आणि सहावी ते आठवीच्या वर्गांनी तपासून निकाल घरी कळवावा. त्यामुळे दुसरे बियाणे शोधायला दीड-दोन महिने हाती राहतात. पेरणीच्या तोंडावर हीच तपासणी घरी पुन्हा करायची, पण तोवर मुलगा ती शिकलेला असेल.

“ही शाळा आहे, कृषि खाते नव्हे,” असे एका विश्वस्तांनी आम्हांला ऐकवले. त्यांच्याबद्दल आदर राखून सांगतो, इंदूरला हे शोभत नाही. १९२४ साली अल्बर्ट हॉवर्ड यांनी इथे संस्था काढली आणि कचरा, शेण व राखेपासून खत करण्याची पद्धत इंदूरच्या नावाने जगभर गेली. १९३१ च्या त्यांच्या ग्रंथावर सहलेखक म्हणून यशवंत वाड यांचे नाव आहे. आपल्या किती मुलांना ते माहीत आहे? हॉवर्डसाहेब तर शेतकऱ्याला आणि पिकावरच्या किडीला आपले गुरु मानत. गावाकडचे पालक वर्गात येऊन चार गोष्टी सांगतील, तर आमच्या शिक्षकांनाही त्या हव्याच आहेत.

आणखी एक विनंती विश्वस्त मंडळाला. जुलैचा हप्ता शेतकरी घरांना नेमका पेरणीच्या खर्चात गाठतो. सोयाबीन मंडीत जाते ते दसऱ्याच्या सुमारास. या घरांपुरता तो हप्ता दिवाळीनंतर घ्यावा, विलंब शुल्क लावू नये. मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय आम्ही लेखी ठेवत आहोत.

बियाणे कापडी पिशवीत आणावे, दोन मुठी पुरेत. पिशवीवर मुलाचे नाव, वर्ग आणि वाण लिहावे. गोणपाट शाळा देईल.