राखीव गोलरक्षकाची नजर

रामोन रोद्रीगेझ वेर्देहो, म्हणजे फुटबॉलच्या जगाला ठाऊक असलेला 'मोंची', १९९० ते १९९९ या काळात सेविया क्लबचा गोलरक्षक होता. बहुतेक वर्षे दुसऱ्या क्रमांकाचा. उनसुए गोलात उभा आणि मोंची बाकावर. पुढे तो यशस्वी संचालक झाला, तेव्हा त्या बाकावरच त्याची पारख घडली असे चरित्रवजा लेखांतून वाचायला मिळू लागले. लेखकाच्या बालपणात त्याच्या कादंबऱ्यांची बीजे शोधणाऱ्या समीक्षेसारखाच हा प्रकार. शेवट ठाऊक असला की प्रत्येक आरंभ अर्थपूर्ण दिसतो. बाकावर बसून काहीच न शिकलेले गोलरक्षक किती, हे कोण मोजणार?

मला त्याच्या कारकिर्दीत वेगळेच काही दिसते. २००० साली सेविया दुसऱ्या श्रेणीत घसरला, तिजोरी रिकामी, आणि क्रीडा संचालकपद मोंचीकडे आले. अपरिचित खेळाडू स्वस्तात आणायचे, घडवायचे, महाग विकायचे, हा त्याचा खाक्या. ब्राझीलमधल्या बाहिया क्लबातून आणलेला दानी आल्वेस २००८ मध्ये बार्सिलोनाला गेला. क्लबच्याच अकादमीत वाढलेला सेर्हिओ रामोस २००५ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, रेआल माद्रिदला विकला गेला. गावातला पोरगा विकणे सोपे नसते. पण पुढच्याच वर्षी युएफा चषक आला. २००७ मध्ये पुन्हा, आणि २०१४ ते २०१६ सलग तीनदा युरोपा लीग. विक्रीतले दुःख प्रेक्षकांना सोसवले, कारण विकणारा त्यांच्यातलाच होता. क्लबबरोबर तोही घसरला होता.

२०१७ मध्ये तो रोमाला गेला. तिथे सलाह आणि पुढच्या वर्षी आलिसोन, दोघेही लिव्हरपूलला विकले गेले. (रोमाच्या हिशेबांचाही रेटा होताच.) २०१८ च्या चॅम्पियन्स लीग उपान्त्य फेरीत सलाहच्या लिव्हरपूलनेच रोमाला हरवले. मार्च २०१९ मध्ये मोंची बाहेर पडला. कृती तीच, पण रोममध्ये तिला निव्वळ व्यापार म्हटले गेले.

म्हणून 'मोंची पद्धत' नावाची, कुठेही नेता येणारी वस्तू मला संशयास्पद वाटते. बोलीतला शब्द प्रमाणभाषेत आणला की अर्थ उरतो, पण ऊब जाते, तसे हे. सेवियाला परतल्यावर २०२० मध्ये आणि २०२३ मध्ये पुन्हा चषक आला. २०२३ चा अंतिम सामना बुडापेस्टला होता, समोर नेमका रोमा, आणि पेनल्टींच्या फैरीत निकाल लावला तो सेवियाच्या गोलरक्षकाने, बोनोने.

त्यानंतर काही आठवड्यांतच मोंची इंग्लंडला, ॲस्टन व्हिलाकडे गेला. त्याच सप्टेंबरात सेर्हिओ रामोस अठरा वर्षांनी सेवियाला परतला. त्याला विकणारा तिथे नव्हता.