ताकदीची बाटली आणि गाठीच्या रक्तवाहिन्या

सोनपेठसारख्या तालुक्याच्या गावातील कर्करोगाचा रुग्ण उपचारासाठी निघतो, तेव्हा त्याला परळीचे वा गंगाखेडचे स्टेशन गाठून छत्रपती संभाजीनगरला किंवा थेट मुंबईच्या टाटा रुग्णालयात जावे लागते. शस्त्रक्रियेचा भार एखादी शासकीय योजना उचलते; पण सोबत गेलेल्या मुलाची बुडालेली मजुरी, मुक्काम आणि सावकाराचे व्याज हे कोणत्याच योजनेत पुरते बसत नाही. असा रुग्ण क्षीण होऊन घरी परतला, की आप्तेष्ट भेटीस येतात आणि कोणीतरी ‘ताकदीची’ बाटली सुचवितो. तीत बहुधा क आणि ई जीवनसत्त्वे, म्हणजे ज्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात ती द्रव्ये, भरपूर मात्रेत असतात. गुण आला तर आला, अपाय तर नाही ना, असा त्यामागचा सरळ हिशेब. तो तपासून पाहण्याची वेळ आता आली आहे.

कर्करोगाच्या गाठीलाही अन्न आणि प्राणवायू लागतो. काही मिलीमीटरपलीकडे वाढायचे, तर तिला स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या फुटाव्या लागतात, हा विचार अमेरिकन शल्यविशारद ज्युडा फोकमन यांनी १९७१ साली मांडला. या वाहिन्यांची वाढ रोखणारी औषधे पुढे प्रत्यक्ष वापरात आली. अशा स्थितीत स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेचे मार्टिन बर्ग्यो आणि त्यांचे सहकारी यांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेले संशोधन विचार करावयास लावणारे आहे. पेशींमध्ये ‘बाख-१’ नावाचे एक प्रथिन असते. मुक्त मूलकांचा जोर असला की ते टिकत नाही. अँटिऑक्सिडंट द्रव्यांनी हा जोर कमी केला की ते स्थिर होते आणि रक्तवाहिन्या वाढविणाऱ्या जनुकांना चालना देते. म्हणजे पेशींचे रक्षण करावे म्हणून घेतलेली गोळी गाठीलाच रसद पुरविणारे पाट खोदून देऊ शकते. हे प्रयोग मुख्यतः उंदरांवर आणि मानवी गाठींपासून प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशीसमूहांवर झालेले आहेत. त्यांवरून प्रत्येक रुग्णाचे भाकीत करता येणार नाही, हे खरे. परंतु ‘अपाय नाहीच’ असे छातीठोकपणे म्हणण्याचा अधिकार आता कोणालाही उरलेला नाही.

माणसांवरील अनुभवही निर्धास्त करणारा नाही. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपी पुरुषांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ साली बाहेर आले. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल, अशी अपेक्षा होती. तो १८ टक्क्यांनी अधिक आढळला! या वाढीचे कारण रक्तवाहिन्याच होत्या, असे त्या चाचणीवरून म्हणता येत नाही. परंतु ज्यांना मुळातच धोका अधिक त्यांना अशा गोळ्या तारक ठरतात हा समज मात्र तिने खोटा पाडला. तंबाखू मळण्याची सवय घरोघर असलेल्या मराठवाड्यात हा निष्कर्ष दूरदेशीचा म्हणून बाजूस सारता येणार नाही.

याचा अर्थ जीवनसत्त्वांशी वैर धरावे असा नव्हे. क जीवनसत्त्वाच्या अभावी रक्तवाहिन्यांच्या भिंती दुबळ्या होऊन हिरड्यांतून रक्त येते, हे जुने ज्ञान आहे. प्रौढ पुरुषास दिवसाला ८० मिलीग्रॅम क जीवनसत्त्व पुरेसे आहे, असे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली ठरविले. ते एका पेरूतून सहज मिळते. दुकानातील गोळी मात्र बहुधा ५०० मिलीग्रॅमची असते. आवळा-पेरू खाणाऱ्याने भयभीत होण्याचे काहीच कारण नाही, हे स्वतः बर्ग्यो यांनीही स्पष्ट केले आहे. त्यांचा इशारा आहे तो कर्करोग झालेल्यांना आणि ज्यांना तो होण्याचा धोका अधिक आहे अशांना, आणि तोही वरून घेतलेल्या जादा मात्रेबाबत.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथे खरी मेख आहे. वैद्यकीय सेवेच्या बाजारात विकणाऱ्यास जे ठाऊक असते ते घेणाऱ्यास नसते, हे केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ सालीच दाखवून दिले होते. जादा मात्रेच्या या बाटलीबाबत तर विकणाऱ्यासही पुरेसे ठाऊक नसते. यांतील अनेक उत्पादने कायद्याच्या लेखी औषध नसून ‘अन्न’ आहेत. २०१६ च्या नियमांनी त्यांच्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापणे बंधनकारक केले खरे. पण लेबल इंग्रजीत किंवा हिंदीत असले की कायद्याचे समाधान होते, मराठीची सक्ती नाही. ज्याच्या हाती बाटली पडते त्याला ती अक्षरे वाचता येतात की नाही, याची चौकशी कोण करणार? औषध म्हणून सिद्ध करण्याची जबाबदारी नको आणि औषधाच्या प्रतिष्ठेचा नफा मात्र हवा, असा हा सोयीचा व्यवहार आहे. त्याची किंमत कर्ज काढून आलेले कुटुंब मोजते.

कर्करुग्णांसाठी असलेला इशारा बाटलीवर ठळक मराठीत छापणे ही फार मोठी मागणी नव्हे. रुग्णालयातून घरी सोडताना दिल्या जाणाऱ्या कागदावर ‘डॉक्टरांना विचारल्याविना कोणतीही ताकदीची गोळी घेऊ नये’ ही ओळ घालण्यास तर कायदाही बदलावा लागत नाही. गावोगावच्या आशा कार्यकर्त्या तीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांची कर्करोगाच्या दृष्टीने पाहणी करतात. उपचार घेऊन परतलेल्या रुग्णाच्या उशाशी कोणत्या बाटल्या आहेत, हेही त्यांना विचारता येईल. मात्र आशांना कामागणिक मोबदला मिळतो. या चौकशीचा मोबदला त्यांच्या यादीत घातल्यावाचून ती होईल, असे आरोग्य खात्याने गृहीत धरू नये.