पासवर्ड ग्रुपवर टाकला म्हणजे हस्तांतर झाले का?

२०२३ च्या जानेवारीत आमच्या अभ्यासगटाचे काम तीन आठवडे ठप्प झाले. कारण ऐकाल तर हसाल.

माहितीच्या अधिकारात मिळालेल्या पीडीएफमधले तक्ते उपसून एक्सेलमध्ये टाकणारी एक स्क्रिप्ट आमच्याकडे होती. गटातल्याच एका इंजिनिअर मुलाने ती लिहिली होती. त्याला बंगळुरूत नोकरी लागली. जाताना त्याने व्हॉट्सअॅप ग्रुपवर अकाउंटचा पासवर्ड टाकला, 'सगळं तिथंच आहे, चालवून घ्या' असे लिहिले आणि आम्ही दीडशे जणांनी त्याला जय भीम करून निरोप दिला. चार महिने गाडी चालली. मग जुना लॅपटॉप बिघडला, नव्यावर सगळे पुन्हा बसवले आणि स्क्रिप्ट पहिल्याच फाइलीवर आडवी झाली. पडद्यावर लाल अक्षरात इंग्रजी संदेश: 'पीडीएफफाइलरीडर' काढून टाकला आहे, त्याऐवजी 'पीडीएफरीडर' वापरा.

ग्रुपवर दोन पक्ष पडले. एक म्हणाला, पोरगा पगाराला लागला आणि समाजाला विसरला. दुसरा म्हणाला, फुकटचे सॉफ्टवेअर असेच असते, पैसे भरून विकत घ्या. मला दोन्ही पक्ष चुकीचे वाटतात, आणि ते का हे मित्रांनो, जरा सविस्तर सांगणे भाग आहे.

आमची स्क्रिप्ट 'कॅमलॉट' नावाच्या लायब्ररीवर उभी होती. लायब्ररी म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेला, आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडून घेता येणारा कोड. पीडीएफमधल्या रेघा, रकाने आणि आकडे ओळखून तक्ता वेगळा काढणे हे कॅमलॉटचे काम. ही लायब्ररी आपल्याच देशात जन्मली. 'सोशलकॉप्स' या भारतीय कंपनीत विनायक मेहता यांनी ती लिहिली, २०१८ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली, आणि आज ती कंपनीच्या नव्हे तर 'कॅमलॉट-डेव्ह' या सामूहिक खात्यावरून चालते. परवाना एमआयटी. म्हणजे वापरा, बदला, वाटा, फक्त परवान्याची सूचना सोबत ठेवा.

कॅमलॉट स्वतः मात्र पाने सुटी करण्यासाठी 'पायपीडीएफ२' या आणखी एका लायब्ररीवर अवलंबून होती. आमचे घोडे अडले ते तिथे. आणि तिची कुळकथा प्रत्येक कार्यकर्त्याने ऐकावी अशी आहे.

मूळ 'पायपीडीएफ' २००५ मध्ये मॅथ्यू फेनिआक यांनी लिहिली. २०१० नंतर त्यांचे काम थांबले. २०११ मध्ये एका कंपनीने त्यांच्याशी बोलून त्या कोडाची वेगळी शाखा काढली, नाव ठेवले 'पायपीडीएफ२'. काही वर्षे चालली, २०१६ नंतर तीही जवळजवळ थंडावली. जगभरातले लोक ती रोज वापरत होते आणि चुका कळवत होते, पण उत्तर द्यायला फारसे कोणी नव्हते. एप्रिल २०२२ मध्ये मार्टिन थोमा यांनी जबाबदारी घेतली. साचलेल्या तक्रारी उपसल्या, जुनी नावे बदलून सुटसुटीत केली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये 'पायपीडीएफ२' ची तिसरी आवृत्ती काढून पुढचे काम पुन्हा मूळच्याच 'पायपीडीएफ' या नावाखाली नेले. फांदी बुंध्याला परत जोडली गेली. आपल्या चळवळीत किती गट असे परत जोडले गेले, हा प्रश्न इथे विचारत नाही.

आमचा लॅपटॉप बिघडला तो नेमका याच सुमारास. नव्या यंत्रावर नवी आवृत्ती आली, आमची कॅमलॉट जुन्या नावाने हाक मारत राहिली.

आता दोष कोणाचा? नवे मेंटेनर तर आगाऊ सांगून बदल करत होते. जुने नाव जाणार आहे अशी सूचना आधीच्या आवृत्त्या काही महिने देत होत्या. आमच्यापर्यंत ती पोचली नाही, कारण पडदा स्वच्छ दिसावा म्हणून सगळ्या सूचना दडपणारी एक ओळ आमच्या मुलाने पहिल्याच दिवशी स्क्रिप्टमध्ये घातली होती. त्याने वाईट हेतूने घातली नाही. पण ती ओळ तिथे आहे हे दीडशेपैकी कोणालाच ठाऊक नव्हते, कारण पासवर्ड मिळाल्यावर कोड उघडून वाचायची तसदी एकानेही घेतली नव्हती. मी स्वतःसुद्धा. उपाय एका ओळीचा निघाला: तिसऱ्याच्या खालची आवृत्ती बसवा. ती ओळ सापडायला तीन आठवडे लागले.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत राजकारणातल्या भक्तीचा धोका सांगितला. ते आपण दर जयंतीला भाषणात सांगतो, आणि गटातल्या एका पोराला 'आपला कॉम्प्युटरचा वाघ' म्हणून डोक्यावर बसवून बाकीचे निवांत होतो. वाघ बंगळुरूला गेला की मग त्याच्या निष्ठेची चौकशी.

याची दुसरी बाजूही आहे, आणि ती जास्त घातक आहे. 'इव्हेंट-स्ट्रीम' नावाची एक लायब्ररी होती, माहितीचा प्रवाह तुकड्यातुकड्याने वाचून पुढे देणारी. आठवड्याला लाखो वेळा उतरवली जायची. तिचे लेखक डॉमिनिक टार स्वतः ती वापरत नव्हते, तिच्यापासून त्यांना दमडीही मिळत नव्हती. कोणा अनोळखी माणसाने ईमेल केला की मी सांभाळतो, त्यांनी किल्ल्या देऊन टाकल्या. २०१८ मध्ये उघडकीला आले की नव्या मालकाने तिच्यात दुसऱ्या पॅकेजच्या आडून चोरकोड घुसवला होता, 'कोपे' या बिटकॉइन पाकिटातून लोकांचे पैसे लंपास करण्यासाठी. अनेकांनी टार यांना झोडपले. मला त्यांची बाजू समजते. वर्षानुवर्षे फुकट राबणाऱ्या माणसाला कोणी 'थकलास का?' असे विचारले नव्हते, सगळ्यांनी फक्त वापरले. पण समजून घेतले तरी एक गोष्ट उरतेच: जो मागेल त्याला किल्ली, हे हस्तांतर धोक्याचे. आणि आम्ही काय केले होते? दीडशे जणांच्या ग्रुपवर पासवर्ड. त्यातल्या निम्म्यांचे चेहरे मी आजवर पाहिलेले नाहीत.

'हे आयटीवाल्यांचे चोचले, आपली लढाई रस्त्यावरची,' असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी एक प्रसंग.

अॅट्रॉसिटीच्या खटल्यांवर आम्ही एक निवेदन तयार करत होतो. जिल्ह्याच्या तक्त्यात दाखल गुन्हे, दोषारोपपत्र, शिक्षा, निर्दोष, प्रलंबित असे रकाने. स्क्रिप्टने आकडे काढले, आम्ही बेरजा मारल्या, छापायला देणार होतो. वर्षानुवर्षे पीडित कुटुंबांबरोबर कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या एका ताईंनी तो कागद हातात घेतला आणि म्हणाल्या, "अरे, एवढ्या केसेसमध्ये शिक्षा लागली असती तर मी गावभर पेढे वाटले असते." मूळ पीडीएफ उघडला. काही ओळींत शिक्षेचा रकाना कोरा होता. तक्त्याला उभ्या रेघा नव्हत्या, म्हणून लायब्ररी मोकळ्या जागेवरून रकाने ओळखत होती, आणि आमच्या स्क्रिप्टने कोरी घरे गाळून पुढचे आकडे डावीकडे सरकवले होते. निर्दोष सुटलेले आरोपी आमच्या निवेदनात शिक्षा झालेले म्हणून बसले होते. ते छापले गेले असते तर समोरच्याने एकच वाक्य उच्चारले असते: बघा, हेच म्हणतात शिक्षा होते.

म्हणून माझा आग्रह आहे की अशा साधनाचे हस्तांतर करताना कोडासोबत तीन-चार फाइली तरी द्याव्यात ज्यांची उत्तरे माणसाने हाताने मोजलेली आहेत. नवी आवृत्ती आली, नवे यंत्र आले, की आधी त्या फाइली चालवायच्या. उत्तर जुळले तरच पुढे. कोणत्या लायब्ररीची कोणती आवृत्ती लागते ते लिहून ठेवायचे. किल्ली दोघांकडे, आणि त्यातला एक कोड न लिहिणारा असला तरी चालेल, पण तक्ता वाचता येणारा हवा. आमच्याकडे आता ती दुसरी किल्ली त्याच ताईंकडे आहे.

आणि वापरणाऱ्यांनी काही परत द्यायचे की नाही? मराठी पीडीएफचेच बघा. जुन्या फाँटमधली कागदपत्रे वाचायला घेतली की देवनागरीऐवजी इंग्रजी अक्षरे आणि खुणांचा कचरा हाती येतो, कारण त्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. युनिकोडमधल्या फाइलीतही 'शिष्यवृत्ती' ची पहिली वेलांटी 'श' च्या आधी येऊन बसते, जोडाक्षरे फुटतात. युरोपातल्या मेंटेनरला हे दिसणार कसे? त्याच्यासमोर कोणी ती फाइल ठेवली तर दिसेल. आपली हजारो मुले-मुली आज पायथॉन लिहितात, पुण्यात, हैदराबादेत, परदेशात. फुकट मिळालेल्या लायब्ररीवर त्यांचा पगार चालतो. त्यांनी महिन्यातून एक रविवार देऊन मराठी फाइलीतली एक चूक नीट मांडून कळवली, जमल्यास दुरुस्ती पाठवली, तर ते काम समाजाचेच आहे.

फक्त एक सांभाळा. चूक दाखवण्यासाठी नमुना फाइल जाहीर ठिकाणी चढवताना त्यात फिर्यादीचे, पीडितेचे नाव-गाव राहू देऊ नका. गिटहबवर एकदा गेलेले कागद पुसून टाकले तरी कोणाच्या तरी प्रतीत उरतात. खोटी नावे घालून तसाच तक्ता बनवा, चूक तशीच दिसते. आम्ही करून पाहिले आहे.

बंगळुरूच्या मुलाशी मी नंतर तासभर फोनवर बोललो. तो म्हणाला, "सर, मला कोणी विचारलंच नाही. मी समजलो, चालतंय." सूचना दडपणारी ती ओळ त्यानेच काढली, आणि का घातली होती तेही खाली मराठीत लिहून ठेवले.