शिक्रा नव्हे, कोतवाल

गेल्या वर्षी मी पर्यावरणशास्त्राचा प्रकल्प एका रात्रीत पुरा केला. विषय होता ‘आपल्या परिसरातील पक्षी’. चोवीस पक्ष्यांची रंगीत चित्रे, प्रत्येकाखाली आठ ओळी, प्रस्तावना, ऋणनिर्देश. सारे मोबाईलवरून उतरवलेले. ऋणनिर्देशात निसर्गाचे आभार मानायलाही मी विसरलो नव्हतो! त्या चोवीसांपैकी कावळा, चिमणी आणि साळुंकी सोडली तर एकही पक्षी मी नीट पाहिलेला नव्हता. प्रकल्पाला ‘उत्तम’ असा शेरा मिळाला.

वार्षिकांकात ही कबुली देताना संकोच वाटतो. पण असे करणारा मी एकटाच नव्हे, हे माझे वर्गबंधू जाणतात, आणि प्राध्यापकांना ते ठाऊक नसेल असेही नाही.

आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांचा जीवशास्त्राशी संबंध येतो तो या एका सक्तीच्या विषयापुरता. तेव्हा संगणकाने आणि मोबाईलने जीवशास्त्राचे शिक्षण कसे बदलले यावर मी लिहावे, हा कुणाला आगाऊपणा वाटेल. वाटो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली प्राण्यांचे विच्छेदन टप्प्याटप्प्याने बंद करण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. बेडूक वाचले आणि पडद्यावर बेडूक उघडून पाहण्याची सोय झाली, हे चांगलेच झाले. माझी तक्रार निराळी आहे. जेथे पडदा आपल्याला जिवंत प्राण्याकडे नेऊ शकतो, तेथेही आपण पडद्यापाशीच थांबतो.

यंदा भूगोलाच्या सरांनी आम्हा सात-आठ जणांना सकाळी साडेसहाला महाविद्यालयाच्या आवारात बोलावले. प्रत्येकाच्या मोबाईलवर ‘मर्लिन’ होते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी-प्रयोगशाळेने केलेले हे अ‍ॅप आवाज ऐकून पक्ष्याचे नाव सांगते. गुलमोहरावरून एक तीव्र हाक आली. पडद्यावर नाव उमटले : शिक्रा. मी ते लगेच वहीत लिहिले. सर म्हणाले, “मान वर कर की जरा.” वर पाहतो तो काळाभोर, दुभंगलेल्या शेपटीचा कोतवाल! इतर पक्ष्यांना घाबरवून त्यांच्या तोंडचा घास पळवायला तो शिक्र्याची हुबेहूब नक्कल करतो, हे मला त्या दिवशी कळले. यंत्र फसले, आणि यंत्रामागून मीही फसलो.

एवढ्याने काय बिघडते, असे कुणी म्हणेल. बिघडते ते असे. हौशी निरीक्षकांनी पाहिलेल्या पक्ष्यांच्या याद्या २००२ साली सुरू झालेल्या ‘ई-बर्ड’वर जमा होतात. आपल्या देशातील पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३ सालचा अहवाल अशा सुमारे तीस हजार निरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर उभा आहे. त्यात ९४२ जातींचा विचार झाला. पण दीर्घकाळात संख्या वाढली की घटली, हे सांगता आले ते केवळ ३३८ जातींबद्दल. बाकीच्यांच्या जुन्या नोंदी पुरेशा नव्हत्या. त्या ३३८ पैकी २०४ जाती घटलेल्या आढळल्या. संशोधन म्हणजे प्रयोगशाळेतले पांढरे कोट, अशी आमची समजूत. येथे तर कारकून, गृहिणी, विद्यार्थी यांच्या याद्यांवर संशोधन चालले आहे. दुर्मिळ पक्षी लिहिला तर तेथले परीक्षक हटकतात. पण शिक्रा काही दुर्मिळ नाही. माझी खोटी नोंद कुणाच्याही नजरेत न येता त्या कोट्यवधींत मिसळून गेली असती.

म्हणून माझे म्हणणे असे, की मोबाईलवर बंदी नको. आमच्या आवारात भिंगाची दुर्बीण एकच, मोबाईल मात्र खिशोखिशी आहेत. पण प्रकल्पात चोवीस उसन्या चित्रांऐवजी स्वतः पाहिलेले सहाच पक्षी असावेत : तारीख, वेळ, झाड, आणि तो काय करीत होता ते. आधी वही तपासावी, मग पडदा. आणि ‘ओळखता आला नाही’ असे प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याला गुण द्यावेत. हे शेवटचे प्राध्यापकांना जड जाईल, याची मला कल्पना आहे. शंभर-सव्वाशे वह्या तपासताना चित्रे मोजणे सोपे असते.

कोतवालाची नोंद मी दुरुस्त केली आहे. गेल्या वर्षीचा प्रकल्प मात्र अजून विभागाच्या कपाटात आहे, त्या शेऱ्यासकट.