मागे फिरता येईल अशी दुरुस्ती

इचलकरंजीत माग बिघडला की जॉबर येतो आणि आधी नुसता उभा राहून ऐकतो. धोट्याचा ठोका कुठे अडखळतो ते त्याला कानाने कळते, मगच तो पान्याला हात घालतो. १९०४ साली या गावात पहिला यंत्रमाग लागला, तेव्हापासून ही विद्या इथे एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिली. या अंकाचा विषय आहे जुने यांत्रिक कीबोर्ड, आणि त्यांच्या दुरुस्तीलाही हाच कान लागतो. निळ्या स्विचची टकटक स्वच्छ ऐकू येते की घशात अडकल्यासारखी, यावरून निम्मे निदान होते.

आपल्या भागात दुरुस्तीला येणारा यांत्रिक कीबोर्ड बहुतेक वेळा टीव्हीएस गोल्ड असतो. सायझिंगचे ऑफिस, कापडाची पेढी, लग्नपत्रिका छापणारे डीटीपीचे दुकान, सगळीकडे तो वर्षानुवर्षे राबला. जुन्या गोल्डमध्ये चेरीचे निळे स्विच आहेत. एका स्विचचे आयुष्य पाच कोटी दाब सांगितले जाते. म्हणजे बोर्ड बंद पडतो तेव्हा सगळे स्विच संपलेले असण्याची शक्यता फार कमी. तरीही आपण काय सांगतो? ‘गेला, नवा घ्या.’ पाच-सातशे रुपयांत मेंब्रेनचा कीबोर्ड मिळतो, गिऱ्हाईक तो घेऊन जाते आणि गोल्ड भंगारात पडतो.

या संपादकीयात मला एकच गोष्ट सांगायची आहे. जुन्या कीबोर्डवर जे काही कराल ते पुढच्या कारागिराला उलटवता येईल असे करा. ही गोष्ट मी एक चूक करून शिकलो.

कामाला लागून मला फार दिवस झाले नव्हते. एका डीटीपी ऑपरेटरने त्यांचा बोर्ड ‘जरा साफ करून द्या’ म्हणून आणला. कळांवर मराठी अक्षरांचे स्टिकर होते, काही झिजलेले, काहींवर त्यांनी पेनाने अक्षर पुन्हा काढलेले. स्टिकरचा चिकटा निघेना म्हणून मी फडक्यावर थिनर घेतले. एबीएस प्लास्टिकला थिनर चालत नाही हे मला माहीत नव्हते. कळांचा वरचा थर मेणासारखा मऊ झाला, फडक्याची वीण त्यात उमटली आणि अक्षरे पुसली गेली. त्यांनी बोर्ड हातात घेतला, एका कळीवरून बोट फिरवले आणि म्हणाले, ‘दादा, ही माझी जागा होती हो.’ चिडले नाहीत. पैसेही देऊ लागले, मी घेतले नाहीत. त्या कळा मला परत आणता आल्या नाहीत.

तेव्हापासून बोर्ड टेबलावर आला की मी आधी कळा वाचतो. झिजलेली कळ माणसाबद्दल बरेच सांगते. इनस्क्रिप्टमध्ये मराठी टाइप करणाऱ्याचा पाय मोडणारा हलन्त ‘डी’वर असतो, काना ‘ई’वर, मात्रा ‘एस’वर आणि पहिली वेलांटी ‘एफ’वर. ‘डी’ आणि ‘एफ’ गुळगुळीत झालेले दिसले की हा हात मराठीचा हे समजते. पेढीवरच्या बोर्डाची आकड्यांची बाजू आणि एंटर तेवढे चकचकीत असतात. रुपयाचे चिन्ह २०१० साली आले. ते कळीवर छापलेले असेल तर बोर्ड त्यानंतरचा. ही सगळी त्या बोर्डाची नोंदवही आहे. ती पुसायची की ठेवायची, हे गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय ठरवू नये.

आता निदान. एका आडव्या ओळीतल्या किंवा एका उभ्या रांगेतल्या चार-पाच कळा एकदम मेल्या असतील तर स्विचला हात लावू नका. कीबोर्डमध्ये आडव्या-उभ्या रेषांची जाळी असते, ताण्याबाण्यासारखी. धागा एक तुटला की त्यावरच्या सगळ्या कळा गप्प होतात. मल्टीमीटर लावून ट्रॅक कुठे तुटला ते शोधा आणि बारीक तारेचा जंपर टाका. आपल्याकडे ट्रॅक बहुधा चहाने खाल्लेला असतो; साखर-दुधाचा थर ओल धरतो आणि खालचे तांबे हिरवे पडते. तो थर आधी काढा, सोल्डरिंग नंतर.

एक कळ दाबली की दोन अक्षरे उमटतात, ही दुसरी नेहमीची तक्रार. इथे अनेकजण तेलाचा फवारा मारतात. दोन दिवस कळ बरी चालते, मग आधीपेक्षा वाईट. यंत्रमागाच्या गावात हवेत सुताचा धुरळा असतो. तेल आणि तो धुरळा मिळून स्विचच्या आत लगदा होतो आणि तो स्विच नंतर कोणालाच वाचवता येत नाही. आधी सोल्डरचा टाका तापवून पाहा, कित्येकदा टाकाच सुटलेला असतो. नाहीतर स्विच उघडून संपर्काच्या पत्त्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. स्विच धातूच्या पट्टीत बसवलेला असेल तर आधी डीसोल्डर करावा लागतो. त्याला वेळ लागतो, पण तो वेळ मजुरीत धरता येतो.

क्वचित आयबीएमचा मॉडेल एम येतो, १९८५ च्या सुमाराचा. प्रत्येक कळीखाली स्प्रिंग असते, ती दाबाने मध्येच वाकते आणि तो खणखणीत आवाज येतो. त्याचा गोल पाच पिनांचा किंवा पीएस-२ प्लग पाहून वायर कापू नका. कापून यूएसबीची वायर जोडली म्हणून तो चालत नाही, कारण दोघांची बोली वेगळी. मधे मायक्रोकंट्रोलरचा कन्व्हर्टर लावा. मूळ वायर जशीच्या तशी राहते.

याच बोर्डाचे उदाहरण माझ्या म्हणण्याविरुद्धही जाते, ते लपवत नाही. मॉडेल एमचा प्लास्टिकचा साचा लोखंडी पत्र्याला वितळवलेल्या प्लास्टिकच्या रिव्हेटांनी धरलेला असतो. वयाने त्या तुटतात आणि कळा ढिल्या पडतात. तिथे उरलेल्या रिव्हेटा तासून, भोके पाडून छोटे बोल्ट बसवावे लागतात. हे उलटवता येत नाही. पण न केल्यास बोर्ड मरतो. म्हणून नियम असा धरावा: परतीचा रस्ता बंद करावाच लागला तर तो बोर्ड जगवण्यासाठी, आपला अर्धा तास वाचवण्यासाठी नव्हे. पिवळे पडलेले प्लास्टिक हायड्रोजन पेरॉक्साइड आणि उन्हात पांढरे करण्याची हौस मात्र मला पटत नाही. पिवळेपणा पुन्हा येतो, आणि त्याने एकही कळ अडलेली नसते.

आपल्या आधीच्या टाइपरायटर मेकॅनिकांकडे पाहा. गोदरेजने १९५५ साली भारतीय टाइपरायटर बनवायला घेतला आणि २००९ च्या सुमारास उत्पादन थांबवले. त्यानंतरही कोर्टाबाहेर मराठी गोदरेज वाजत राहिले, ते एका यंत्राचा टाइपबार दुसऱ्याला लावणाऱ्या हातांमुळे. त्या हातांनी काय काय केले, याची लेखी नोंद मात्र फारशी उरलेली नाही. माणूस गेला की विद्याही गेली.

म्हणून तीन विनंत्या. मेलेला बोर्ड फेकू नका; त्याचे स्विच, स्प्रिंगा आणि कळा डब्यात ठेवा, तोच उद्याचा स्पेअर. काढलेला प्रत्येक भाग पुडीत घालून गिऱ्हाइकाला परत द्या. आणि झाकण बंद करण्याआधी आत एक चिठ्ठी चिकटवा: तारीख, काय बिघडले होते, काय बदलले, कुठे जंपर टाकला. घड्याळजी झाकणाच्या आत बारीक खूण कोरून ठेवतो, तसेच. दहा वर्षांनी तो बोर्ड दुसऱ्या कोणाच्या टेबलावर उघडला जाईल. त्याला पुन्हा पहिल्यापासून शोधायला लागू नये.