पोवाडा घरात वाचा

पोवाडा ही मैदानाची चीज आहे असे आमच्याकडे सर्वजण धरून चालतात. डफ हवा, तुणतुणे हवे, मांडव हवा, आणि शाहिराच्या तोंडापुढे कर्णा तर हवाच हवा! आमच्या फैजपूरला १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. तेव्हापासून मांडवावाचून काही मोठे घडते यावर गावाचा विश्वासच बसत नाही. रात्री जेवणे आटोपल्यावर घरच्या माणसांत पोवाडा वाचायचा म्हटले की लोक हसतात. हसोत बापडे.

या मंडळींनी तुळशीदासाचा सिंहगडाचा पोवाडा सबंध वाचला आहे काय? मी मास्तर आहे. मुलांना त्यातले काय येते ते मला पक्के ठाऊक आहे. घोरपड, दोर, आणि 'गड आला पण सिंह गेला'. संपले! पण पोवाडा सुरू कोठे होतो? जिजाऊ प्रतापगडावरून कोंढाणा पाहते, शिवाजीराजांना राजगडाहून बोलावून घेते, आणि पोटच्या मुलाशी फासे खेळून तो गड मागते. तिकडे उमरठ्याला तानाजीच्या घरी रायबाच्या लग्नाची गडबड चाललेली. म्हणजे लढाईला नेण्याआधी कवीने आपल्याला दोन घरांतून फिरवून आणले आहे. मैदानातले शाहीर हा भाग भरभर उरकतात, कारण तेथे टाळी पडत नाही.

गेल्या पावसाळ्यात मी तो आईला वाचून दाखविला. तिला अक्षर येत नाही. शेंगा फोडीत ती ऐकत होती. लग्न टाकून तानाजी निघाला तेथे तिने मला थांबविले. "पोराचं लगन घरात, अन् हा चालला गडावर! त्याच्या बायकोले कोनी इचारलं का?" इतकी वर्षे मी हा उतारा शिकवितो, हा प्रश्न ना कोणा मुलाने विचारला, ना कोणत्या गाईडात छापून आला. ऐंशी वर्षांचा शेलारमामा पुढे झाला तेव्हा ती खुदकन हसली. तानाजी पडला तेव्हा शेंगांचे सूप बाजूला सारून तिने डोळ्यांना पदर लावला. परीक्षेत विचारतात ते रसग्रहण याहून निराळे असते काय?

घोरपडीवर मात्र माझ्या मुलीने शंका काढली: एवढ्याशा जनावराला माणसाचे वजन पेलेल कसे? आजी म्हणाली, "गान्यात पेलते. तू ऐक."

विद्वानांचीही हीच शंका आहे, पण त्यांची समजूत अशी पटत नाही. घोरपड खोटी, सिंहगड हे नाव लढाईच्या आधीच्या कागदांतही सापडते, तेव्हा पोवाडा रद्द! गड १६७० च्या फेब्रुवारीत घेतला. कागद आपल्या जागी खरेच आहेत. पण फ्रेंचांच्या रोलाँचे काव्य पाहा. ७७८ साली पिरेनीजच्या खिंडीत शार्लमेन बादशहाची पिछाडी कापली ती बास्क लोकांनी. तीनशे वर्षांनंतरच्या कवीने तेथे मुसलमानांची फौज आणून उभी केली. फ्रेंच इतिहासकारांनी ती चूक दाखविली आणि काव्यही जपले. आपले पोवाडे गोंधळ्यांच्या तोंडून उतरवून घेऊन १८९१ साली छापले ते शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी, आणि त्यांच्या जोडीला होता अ‍ॅक्वर्थ नावाचा एक इंग्रज अधिकारी. आपण त्या पुस्तकातून इतिहासाचे पुरावे वेचले आणि गाणे तसेच पडू दिले.

अफझलखानाच्या वधाचा अज्ञानदासाचा पोवाडा जिजाऊने करवून घेतला अशी परंपरा आहे. शाहिराला बिदागी मिळाली घोडा आणि शेरभर सोन्याचा तोडा. म्हणजे मैदानाच्याही आधी तो ऐकला तो ज्याचा पराक्रम त्याच्या आईने.

"आम्हांला चाल येत नाही हो," असे कोणी म्हणेल. मलाही येत नाही. मी तो साध्या आवाजात वाचतो, एकही कडवे गाळीत नाही, आणि कोणी मध्ये बोलले तर थांबतो.